उशाकडचा सांधा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डब्याच्या छपरावर पाणी ओतणं. मी बाहेर शिडीवर, हातात झारी. ती आत खाटेवर उताणी पडलेली, एक हात वर करून छताच्या कोपऱ्याला लावलेला, दुसऱ्या हातात आमटीची पळी. मी सांध्यावर पाणी धरायचं. आत ओल आली तर तिनं पळी एकदा ठोकायची, कोरडं असेल तर दोनदा. मला कानानं कमी येतं. ऐन उमेदीत दगडाच्या खाणीत सुरुंगाजवळ राबलो, त्याचं ते बक्षीस. म्हणून मी डावा तळवा पत्र्यावर टेकवून ठेवायचो. तिची पळी मला हातानं ऐकू यायची.

झारीतलं पाणी संपलं. मी हात टेकवून वाट बघितली. ती घाई करणाऱ्यातली नव्हती. कोपरा चाचपायची, बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायची, परत चाचपायची. मग ठक. जरा थांबून ठक.

मी खाली उतरलो तोवर ती दारात आली होती. दम लागला होता, पण तोंड हसरं.

"दोनदाच ठोकलं ना?" मी विचारलं.

"व्हय. आता तिसऱ्यांदा तुमच्या टकुऱ्यात ठोकू का?"

मग ती आत गेली आणि खाटेच्या पायाकडं ठेवलेली उशी उचलून परत डोक्याकडं ठेवली. हाताच्या तळव्यानं दोनदा दाबून नीट केली. आषाढापासून ती उशी पायाकडंच होती.

डबा म्हणजे काय ते सांगतो. जीपच्या मागं जोडून ओढायची खोली असते, आत खाट, ओटा, खिडक्या. शहरातले लोक तिला कॅराव्हॅन म्हणतात. पवना धरणाच्या काठाला तंबूंचा एक कॅम्प होता, तिथं मी राखणदार होतो. मालकानं हौसेनं तो डबा आणला, दोन हंगाम पाव्हणे त्यात झोपले, मग धंदा बसला. कॅम्प बंद करताना मालक म्हणाला, "आबा, भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही. तुम्ही न्या." भला माणूस. असला डबा फुकट कोण देतं? ट्रॅक्टरला जोडून आम्ही तो लोहगडवाडीच्या रस्त्याला, आमच्या घराशेजारच्या पट्टीत आणून उभा केला. चाकांत हवा नव्हती. ती अजूनही नाही.

शनिवार-रविवार गडावर जाणारी पोरं-पोरी यायची. ही खिडकीतून चहा द्यायची, कांदाभजी द्यायची, उन्हाळ्यात ताक. पण तिला डबा आवडला तो धंद्यासाठी नाही. खाटेसाठी.

लग्न होऊन आली तेव्हा आमचं घर कौलारू. मावळातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, तो वरून येतो, आडवा येतो, भिंतीतूनही येतो. पावसाळ्यात आमचं अंथरूण एका जागी कधी टिकलं नाही. रात्री दोन-तीनदा उठायचं, सरकायचं, गळतीखाली टोप ठेवायचा, परत पडायचं. पुढं मुलानं स्लॅब टाकला. आम्ही म्हटलं सुटलो. तिसऱ्या वर्षी स्लॅबला चीर गेली आणि परत तेच. ती म्हणायची, "माझ्या नशिबात छप्पर न्हाई, चाळण हाय." रागानं नाही म्हणायची, भाकरी थापता थापता म्हणायची. पण एकदा मला म्हणाली होती, "सोनं नको, नानं नको. एक पावसाळा मला अंथरून सरकवाया लागू नये, येवढंच बघा." दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

डबा आला त्या पावसाळ्यात तिनं खाटेवर गोधडी टाकली आणि पहिल्याच आठवड्यात डबा तीन ठिकाणी गळला. तिनं गोधडी सरकवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी चौथी शिकलेला गडी. डब्याला नऊ-दहा पत्रे जोडलेले असतात आणि जिथं पत्र्याला पत्रा भेटतो तिथं काहीतरी भरलेलं असतं, ते वाळून तडकलं की पाणी शिरतं, एवढं मला समजलं. काय भरायचं ते समजत नव्हतं. घरावर भरतात तेच भरलं, डांबर. वैशाखात डांबर पातळ झालं आणि खिडक्यांवरून खाली ओघळलं. ही लांब उभी राहून बघत म्हणाली, "छान दिसतोय डबा. काजळ घातलंय, आता दृष्ट न्हाई लागायची." ते काजळ काढायला मला दहा-बारा दिवस रॉकेल आणि चिंध्या घेऊन बसावं लागलं.

मग कामशेतला भाईंच्या दुकानात गेलो. नळ, पाइप, रंग, खिळे असं सगळं त्यांच्याकडं मिळतं. त्यांचे वडीलही तिथंच बसायचे. मी म्हटलं, पाणी थांबवायचं काहीतरी द्या. त्यांनी न्हाणीघरात लावतात ते सिलिकॉन दिलं, पांढरं, नळीतलं, आणि नळी दाबायची गन दिली.

ते भरायला आम्ही दोघं बसलो. मी गन दाबत पुढं जायचो आणि ती मागून बोट फिरवून सारखं करायची. तिचं बोट असं सरळ जायचं, दोरी धरल्यासारखं. शेणानं अंगण सारवलेल्या बाईचा हात तो. पण बोटाला सिलिकॉन चिकटायला लागलं तेव्हा तिनं पापड लाटताना करतात तेच केलं. वाटीत गोडंतेल घेतलं आणि दरवेळी बोट बुडवून मग फिरवलं. बोट काय सुरेख सरकलं. मीही म्हटलं वा. सगळा डबा आम्ही दोन दिवसांत तेल लावून सजवला.

महिन्याभरात कडा उचलल्या. तेलाच्या पत्र्याला काय चिकटणार? उन्हात सगळी पट्टी वर वळली आणि एके सकाळी मी टोक धरून ओढलं तर हातभर लांब तुकडा निघून हातात आला. ती भज्यांचं पीठ कालवत होती. मी तो तुकडा तिच्यापुढं धरला.

"तुझा पापड," मी म्हटलं.

तिनं हातात घेऊन बघितला. "भाजला असता तर फुलला असता," म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की गिऱ्हाईक पोरं खिडकीशी येऊन बघायला लागली, मावशींना झालं काय. त्या हसण्यावर मी त्या वर्षीची गळती माफ केली.

दुसऱ्या वर्षी मी त्याच सिलिकॉनवर आणखी सिलिकॉन मारलं. तेही सुटलं. मी तावातावानं भाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पापडाचंही ऐकलं, आणि म्हणाले, "आबा, सिलिकॉनवर काहीच धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. आणि ते मीच दिलंय, तेव्हा शिव्या मलाच घाला. मावशींना नको." मग त्यांनी पुण्याला कुणाकुणाला फोन लावले. गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारलं. पत्रा ॲल्युमिनिअमचा आहे का फायबरचा, उन्हात किती तापतो, डबा हलतो का, हे सगळं मला विचारून त्याला सांगितलं. शेवटी पीयू नावाचं सीलंट मागवलं. ते रबरासारखं राहतं, पत्रा उन्हानं फुगला-आकसला की त्याच्याबरोबर ताणतं. छपराच्या सपाट भागाला आपोआप पसरणारं वेगळं आणि उभ्या भिंतीला न ओघळणारं वेगळं. आम्ही कुठं जगातलं मोठं गिऱ्हाईक होतो? पण माणसानं वेळ दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून आमची पद्धत बसली. वर्षातून दोनदा सगळे सांधे बघायचे, एकदा दिवाळी झाल्यावर आणि एकदा मृगाच्या आधी. नखानं दाबून बघायचं. नख मऊ आत गेलं आणि परत वर आलं तर ठीक. कडक लागलं, चीर दिसली, कड उचललेली दिसली तर तेवढा भाग पुरता काढायचा. वर थर चढवायचा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, लोखंडानं पत्र्याला ओरखडे पडतात. मग स्पिरिटनं पुसायचं, फडकं पांढरं राहीपर्यंत पुसायचं. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायचा, सकाळच्या गार वेळेला भरायचं, आणि बोट फिरवायचं ते साबणाच्या पाण्यात नुसतं ओलं करून. सीलंट ओलं असतानाच टेप ओढून काढायचा. स्क्रूच्या डोक्यावरही एकेक ठिपका.

एक गोष्ट तिनं मला शिकवली. मी एका वर्षी उत्साहाच्या भरात खिडकीच्या खालची कडही बुजवून टाकली. तिला आत वास आला, भिजल्या लाकडाचा. म्हणाली, "खालचं कशाला बुजवलं? पानी कुटनंतरी शिरनारच. त्याला जायाला वाट नको?" तिथं कंपनीनंच बारीक भोकं ठेवलेली होती, मीच ती बंद केली होती. ती उघडली आणि तांब्याभर काळं पाणी निघालं. आतली फळी कुजायच्या आत तिच्या नाकानं वाचवली.

असे पाच पावसाळे गेले. पाच पावसाळे तिनं अंथरूण सरकवलं नाही. घर शेजारी होतं, पण जेवणं झाली की ती डब्यात जाऊन पडायची. बाहेर धो धो चाललेलं असायचं, आणि ती खिडकीला नाक लावून पडलेली. मी म्हणायचो, झोप की. ती म्हणायची, "झोपून काय बघू? पाऊस आज भायेर हाय." मुलगा लोणावळ्याला हॉटेलात कामाला, तिथंच राहतो. दर गणपतीला म्हणायचा, आई, आबा, आता आमच्याकडं चला. ती म्हणायची, "तुज्या बिल्डिंगीचं छत गळतंय का?" तो म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम गळतं. "मंग माजा डबा बरा," म्हणायची.

या वर्षी माकडांनी घात केला. गडावर येणारी माणसं त्यांना खायला घालतात, त्यानं ती माजलीत. आषाढात झाडावरून टोळी डब्यावर उतरली. मऊ रबर दिसल्यावर नखानं उकरून बघितलं असणार. मी काठी घेऊन धावलो तोवर उशाच्या कोपऱ्यातला वीतभर सांधा उकरून, चावून फेकून दिला होता. नेमका तोच कोपरा. त्या रात्री तिच्या कपाळावर थेंब पडला.

त्याआधीच वैशाखात तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय थकलंय, जपायला पाहिजे. आणि आषाढातल्या पावसात सांधा भरता येत नाही. पत्रा वाळल्याशिवाय काहीच धरत नाही. मी वर ताडपत्री टाकली, दगड ठेवले, वाऱ्यानं ती उडाली, परत टाकली. थेंब यायचाच. तिनं उशी पायाकडं केली. उलटी झोपायला लागली. मी म्हटलं, घरात झोप. ती म्हणाली, "घरात टोप ठिवावा लागतोय, हितं नुसती उशी फिरवली. उघडीप यील तवा बघू."

उघडीप कधी येते आणि ही तोवर राहते का, हेच माझ्या डोक्यात होतं. मला काही खायचं सुचत नव्हतं. गौरी-गणपती होऊन गेले, भात पोटरीला आलं, आणि मग कुठं कडक ऊन पडलं. पहिला दिवस पत्रा नुसता वाळू दिला. दुसऱ्या दिवशी खरवडला, पुसला. तिसऱ्या दिवशी सकाळी भरला. ती शिडी चढू शकत नव्हती, तेव्हा बोट मीच फिरवलं. खाली उभी राहून सांगत होती, "हळू. दाबू नका. बोट वलं करा. सारवताय का उकरताय?" मग दोन दिवस ते पक्कं होऊ दिलं आणि झारी घेऊन मी वर चढलो. ते सांगितलंच. ठक, ठक.

त्या दुपारी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. ती म्हणाली, "जरा पडते." मी बाहेर बसून गनचं तोंड साफ करत होतो. चहाच्या वेळेला मी रोजच्यासारखी बाहेरून पत्र्यावर थाप मारली आणि हात तसाच टेकवून ठेवला. हाताला काही आलं नाही. परत मारली. मग आत गेलो. उशी डोक्याकडं होती, तोंड खिडकीकडं. अंगावरचं पांघरूणसुद्धा विस्कटलं नव्हतं.

मुलगा-सून लोणावळ्याहून आली, भावकी जमली. भाईंना कुणी कळवलं मला माहीत नाही, ते दुकान बंद करून आले. आभाळ भरून आलं होतं म्हणून टेम्पोत कोरडी लाकडं आणि मोठी ताडपत्री टाकून आले. खांदा दिला. ताडपत्री लागलीच नाही, पाऊस सगळं होईपर्यंत थांबला. त्या पावसाचेही मी उपकारच मानतो.

परत आल्यावर दिव्याचा वाद झाला. आमच्याकडं माणूस जातं तिथं दिवा लावतात, तो दहा दिवस विझू द्यायचा नाही. पहिल्या रात्री दिव्याभोवती तांदळाचं पीठ पसरून वर टोपलं झाकतात आणि सकाळी पिठात काय उमटलंय ते बघतात. पाऊल, पाकळी, काय असेल ते. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते म्हातारी माणसं सांगतात. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती पीठ घेऊन घरात निघाली.

"दिवा डब्यात लावायचा," मी म्हटलं.

"डब्यात? आरं, मानसाचा दिवा घरात आसतोय. चाकं हायत त्याला."

"जीव डब्यात गेला. दिवा डब्यात."

"आन् गळलं म्हंजी? आभाळ बघितलंस का? दिवा इझला तर काय करशील?"

"गळनार न्हाई."

"लय खात्री हाय तुला?"

"तिनं दोनदा ठोकलंय," मी म्हटलं.

सुनेनं आक्काच्या हातातलं पिठाचं ताट घेतलं आणि डब्यात नेलं. गोधडी गुंडाळून खाटेवर उशाकडं ताट ठेवलं, पीठ पसरलं, मधे दिवा लावला. आक्का टोपलं घेऊन आली. मी म्हटलं, झाकू नका. ती म्हणाली, "झाकायचं आसतंय." मी म्हटलं, दार लावतो की, तेच झाकण. एवढं बोलून मी दार लावलं. खरं सांगायचं तर मला पीठ उघडं हवं होतं. वरून थेंब पडला तर पिठात खड्डा पडेल आणि मला कळेल. टोपल्यावर पडला असता तर कळलं नसतं.

आम्ही सगळे घरात घोंगड्यावर बसलो. रात्री पाऊस लागला. मला तो ऐकू आला नाही, पण सगळी माणसं एकाच वेळी वर बघायला लागली त्यावरून समजलं. स्लॅबच्या चिरेखाली सुनेनं टोप आणून ठेवला. पहाटेपर्यंत तो भरला.

सकाळी पाऊस चालूच होता. आक्का पुढं, मी मागं, बाकीची छत्र्या घेऊन बाहेर. दार उघडलं. दिवा तेवत होता. आक्का ताटावर वाकली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "चिमनीच्या पायावानी दिसतंय बग. हितं, कडंला." बाहेरच्यांना तिनं तसं सांगितलं आणि बायकांनी हात जोडले. चिमणी झाली असेल तर चांगलं झालं. मला चिमणी दिसली नाही. मी दुसरंच बघत होतो. पीठ सगळं सपाट होतं. कुठं खड्डा नव्हता, कुठं गोळी झालेली नव्हती. सुनेनं पसरलं तसंच होतं.

आक्का बाहेर गेली. मी खाटेवर गुडघा टेकला आणि हात वर करून कोपरा चाचपला, ती चाचपायची तसा. बोटं नाकाशी नेली. परत चाचपला. मग ओट्यावरची पळी घेतली आणि छताच्या कडेला दोनदा ठोकलं.

दिव्यात तेल घातलं, वात पुढं सारली आणि बाहेर आलो. मुलगा पावसात उभा होता, डब्याच्या भिंतीला तळवा लावून. पायरी निसरडी होती म्हणून टेकला होता की कशासाठी, ते मी विचारलं नाही. आक्कानं विचारलं, "आत कोन ठोकत हुतं?"

"मी," मी म्हटलं. "कोरडं हाय." आणि दार ओढून घेतलं.